कागदावरचा पगार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



अकोल्यापासून समुद्र किती लांब, असं कुणी विचारलं तर रेल्वेचा माणूस सांगेल, मुंबई सुमारे ५८० किलोमीटर. बदनेऱ्याहून मोजलं तर आणखी ऐंशी. रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर. पण मी आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे ते मुंबईच्याही पलीकडे, भर समुद्रात आणखी १६० किलोमीटर आत चालतं. समुद्रातल्या तेलविहिरींवरचं काम. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडातला हा माणूस, याचा आणि तेलाचा संबंध तो काय? फार तर गायगावच्या डेपोपुरता. खरं आहे. गायगावच्या रस्त्यावर टँकरची रांग दिसली की आपल्याला पेट्रोलचा भाव आठवतो. हे तेल जिथून वर येतं तिथं माणसं राहतात, बारा-बारा तास राबतात, आजारी पडतात, घरी फोन लागत नाही म्हणून चिडतात, हे काही आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं. एका कागदामुळे आठवायला लागलं.

मी एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. हजेरीपट, आठवड्याचा पगार, उचल, कपात, हे माझं रोजचं काम. उरलेल्या वेळात मराठीत कविता करतो. आमच्या मोहल्ल्यात माझ्या कवितेला फारशी किंमत नाही. पण मी बी.ए. आहे, याला आहे. बँकेची नोटीस आली, दवाखान्याची फाइल आली, पासपोर्टचा फॉर्म आला, की तो माझ्याकडे येतो. लोकांना वाटतं बी.ए. झालेल्या माणसाला इंग्रजीतलं सगळंच कळतं. मीही तसं वाटू देतो. ही माझी चूक, आणि आजचं सगळं बोलणं त्या चुकीपासूनच सुरू होतं.

२०२१ च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक आपा दुपारी घरी आल्या. मुलगा आयटीआय केलेला, वेल्डर, वय पंचवीस. एमआयडीसीत दोन-तीन ठिकाणी काम करून कंटाळलेला. त्याला मुंबईच्या एका एजंटानं समुद्रात काम देऊ केलं होतं. आपांच्या हातात दोन पानांचा इंग्रजी कागद. म्हणाल्या, "भाईजान, जरा ये देखो ना. लडका समंदर में जा रहा."

मी कागद घेतला, चष्मा लावला आणि आपण सगळे करतो तेच केलं. सगळ्यात खालचा आकडा पाहिला. महिना २६ हजार. जेवण, राहणं कंपनीचं. अकोल्यात त्याला नऊ-दहा हजारांच्या वर कुणी देत नव्हतं. मी म्हटलं, "आपा, चांगलं आहे. सही करू द्या."

त्यांनी विचारलं, "और डूब गया तो?"

हा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. चारच महिन्यांपूर्वी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला होता, आणि टीव्हीवर आठवडाभर तेच होतं. बार्ज म्हणजे तरंगती चाळ समजा. समुद्रात प्लॅटफॉर्मची बांधकामं, दुरुस्त्या चालतात. तिथल्या वेल्डर, फिटर, रंगारी, रिगर लोकांना राहायला जागा लागते, ती हा बार्ज. त्या दिवशी पी-३०५ वर २६१ माणसं होती. वादळाचा इशारा हवामान खात्यानं काही दिवस आधीच दिलेला होता. तरीही बार्ज समुद्रातच राहिला. नांगराचे साखळदंड तुटले, बार्ज हीरा तेलक्षेत्रात भरकटला, एका प्लॅटफॉर्मला धडकला आणि संध्याकाळी बुडाला. अनेक तराफे फुटके निघाले, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. नौदलाची जहाजं खवळलेल्या समुद्रात रात्रभर माणसं उचलत होती. त्याच वादळात वरप्रदा नावाचा टग बुडाला, त्यावर १३ जण. दोन्ही मिळून २७४ पैकी १८८ वाचले, ८६ गेले. काही मृतदेह ओळखू येईनात म्हणून डीएनए तपासावा लागला. घरचे लोक गावोगावाहून जे. जे. रुग्णालयात येऊन बसले होते.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरीही मी आपांना म्हणालो, "मोठ्या कंपनीचं काम आहे, काही होत नाही." कागदाच्या डोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव नव्हतंच. नवी मुंबईतल्या एका गाळ्याचा पत्ता असलेल्या, ठेकेदाराच्याही खालच्या ठेकेदाराचं नाव होतं. ते मी वाचलं आणि तसाच पुढं सरकलो.

आता थोडं त्या कामाबद्दल. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगनं १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायला तेल शोधलं, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. माझ्या पिढीनं हे शाळेत पाठ केलेलं आहे. रिग म्हणजे विहीर खणणारं यंत्र, उभ्या पायांचं. प्लॅटफॉर्म म्हणजे खणून झालेल्या विहिरींचं तेल-वायू गोळा करणारं लोखंडी गाव. तिथून ते नळानं उरणला येतं. रिगवर ड्रिलर असतो, त्याच्या हाताखाली रिगमन, उंच मनोऱ्यावर चढणारा टॉपमन, क्रेन चालवणारा, रेडिओवाला, डॉक्टर, आणि स्वयंपाकघर सांभाळणारी पोरं. पाळी बारा तासांची. कायम नोकरीतल्या माणसांचा रिवाज साधारण चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. ठेकेदाराच्या माणसाचा रिवाज ठेकेदार ठरवतो. आमचा मुलगा पहिल्या खेपेला सलग त्र्याहत्तर दिवस समुद्रात होता.

जाण्याआधी त्याला पाण्यातून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात बसवतात, पट्टे बांधतात, तलावात सोडतात आणि उलटं करतात. पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. मोर्णा नदीतही धड न पोहलेला हा पोरगा! या प्रशिक्षणाचे पैसे एजंटानं घरच्यांकडूनच घेतले. आपांनी कानातलं मोडलं.

हे प्रशिक्षण काही उगाच नसतं, हेही सांगतो. ११ ऑगस्ट २००३ ला तेल कामगारांना नेणारं हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात पडलं, २९ पैकी २७ गेले. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर पडलं; ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ नऊ जणांचं हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, चौघे गेले. म्हणजे कामावर पोचण्याच्या आधीच जोखीम सुरू होते, आणि ती साहेबालाही सोडत नाही, मजुरालाही सोडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो २७ जुलै २००५ च्या आगीनं. आदल्याच दिवशी, २६ जुलैला, मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्या दिवशीची समुद्रातली आग तितकी कुणाला आठवत नाही, कारण मुंबईच पाण्यात होती. ‘समुद्र सुरक्षा’ नावाचं मदतीचं जहाज मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मच्या आसपास काम करत होतं. जहाजावरच्या आचाऱ्याच्या बोटांची पेरं कापली गेली. स्वयंपाकघरात, काम करताना. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, पण हवा अशी की हेलिकॉप्टर येईना. मग ठरलं, जहाज प्लॅटफॉर्मजवळ न्यायचं आणि क्रेनच्या टोपलीतून त्याला वर घ्यायचं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती. म्हणून जहाज दुसऱ्या, वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला गेलं. आचारी वर पोचला. जहाज मागं फिरताना लाटांनी ढकललं आणि समुद्राच्या तळातून वर येणाऱ्या वायूच्या नळावर आदळलं. नळ फुटला, वायूनं पेट घेतला, आणि दोन तासांत १९८१ साली उभारलेला तो अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. शेजारी खणण्याचं काम करणारी रिग, प्लॅटफॉर्म आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली.

जळत्या जहाजाच्या पोटात सहा पाणबुडे होते. खोल पाण्यात काम करणाऱ्या पाणबुड्यांना दाबाच्या बंद कोठडीत ठेवावं लागतं. एकदम बाहेर काढलं तर शरीर सहन करत नाही. बाकीच्यांनी जहाज सोडलं तेव्हा हे सहा जण त्या कोठडीतच होते. सुमारे छत्तीस तासांनी त्यांना वाचवलं. मी कवी आहे, कल्पना करणं हे माझं काम. पण त्या छत्तीस तासांची कल्पना मला करवत नाही.

माझं लक्ष मात्र त्या आचाऱ्यावर खिळून राहिलं. धोक्याचं काम कुणाचं, असं विचारलं तर आपण मनोऱ्यावर चढणाऱ्याकडे बोट दाखवू. भाजी चिरणाऱ्याकडे कुणी दाखवणार नाही. त्याच्या पगारात धोक्याचा भत्ता लिहावा असं कुणाला वाटणारही नाही. आणि इथं तर सुरीनं कापलेल्या दोन बोटांपासून अख्खा प्लॅटफॉर्म जाण्यापर्यंतची साखळी तयार झाली. समुद्रातल्या त्या लोखंडी गावात धोका हुद्द्याप्रमाणे वाटलेला नसतो. पगार मात्र हुद्द्याप्रमाणे वाटलेला असतो, आणि त्याहून जास्त, तुम्ही कुणाचे आहात, कंपनीचे की ठेकेदाराचे, की ठेकेदाराच्या ठेकेदाराचे, त्याप्रमाणे.

अमरावतीला एका कविसंमेलनात मला असाच एक स्वयंपाकघरातला मुलगा भेटला होता. दोन वर्षं रिगवर पोळ्या लाटून आलेला. रिगवर रात्री बारालाही जेवण असतं, रात्रपाळीवाल्यांसाठी. मी त्याला विचारलं, आगीची भीती वाटायची का? तो म्हणाला, "सर, लोकाईले वाटते का तिथी आगीचंच भेव. आगीचं भेव कोणाले याद रायते? भेव झोपीचं असते. विसाव्या दिवशी हात आपले रायत नाई." हे वाक्य कुठल्या चौकशी अहवालात असेल की नाही, मला शंका आहे. पण ते खरं आहे, हे जिनिंगमधल्या रात्रपाळीत मी पाहिलेलं आहे.

जाता जाता बाहेरचं एक उदाहरण. उत्तर समुद्रात, ६ जुलै १९८८ ला, पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं १०६ शिफारशी केल्या आणि ब्रिटनमध्ये समुद्रातल्या तेलकामाची सगळी सुरक्षाव्यवस्था बदलली. आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे खास नियम झाले २००८ साली, म्हणजे २००५ च्या आगीनंतर तीन वर्षांनी. नियमांत झडपा आहेत, तराफे आहेत, सराव आहेत. ते हवेतच. पण पगाराच्या चिठ्ठीवर काय लिहावं, हे त्या नियमांचं काम नव्हे. तो प्रांत वेगळ्या कायद्यांचा, आणि ते कायदे आम्हा हिशेबनिसांच्या टेबलावरून जातात.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या मुलाचा अपघात झाला. डेकवर पाइप उचलताना पट्टा घसरला आणि पाइपचं टोक उजव्या पायावर आलं. दोन हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी बोटीनं किनाऱ्यावर आणलं. दवाखान्याचा आठवडाभराचा खर्च ठेकेदारानं दिला आणि मुलाला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. साडेचार महिने तो घरी होता. पगार बंद. काम नाही तर दाम नाही.

आपा पुन्हा तो कागद घेऊन आल्या. या वेळी मी तो हजेरीपट वाचतो तसा वाचला, वरून खाली, एकेक रकाना. मूळ पगार १० हजार. बाकीचे १६ हजार एका शब्दासमोर लिहिलेले. ‘ट्रॅव्हलिंग अँड साइट अलाउन्स’. किमान वेतनाचा प्रश्न वेगळाच, तो मी बाजूला ठेवतो. हा ‘ट्रॅव्हलिंग’ शब्द तिथं का घातला होता, ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला माझ्याच धंद्याची लाज वाटली.

थोडा हिशेब सांगतो, कंटाळू नका. त्या वेळी लागू होता १९२३ चा भरपाईचा कायदा. कामावर माणूस दगावला तर महिन्याच्या वेतनाचे निम्मे, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. पंचविशीतल्या माणसासाठी तो आकडा २१६.९१. वेतन कितीही असो, १५ हजारांच्या वर धरायचं नाही, अशी मर्यादा २०२० च्या जानेवारीपासून. त्याआधी तर ती ८ हजारच होती. म्हणजे पंचविशीतला माणूस २६ हजार मिळवो की ६० हजार, कायद्याच्या हिशेबानं १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. पण त्याचं वेतनच १० हजार धरलं तर? १० लाख ८४ हजार ५५०. फरक ५ लाख ४२ हजार २७५ रुपयांचा. त्या कायद्यात वेतनात बहुतेक भत्ते धरले जात. प्रवासभत्ता मात्र धरत नसत. म्हणून ‘ट्रॅव्हलिंग’. एका शब्दाची किंमत साडेपाच लाख. कवितेत आयुष्यभर शब्दाची किंमत, शब्दाची किंमत म्हणत आलो. ती अशी रुपयांत कधी मोजली नव्हती.

पी-३०५ च्या वेळी ओएनजीसीनं मृतांच्या घरच्यांना तातडीचे दोन लाख आणि मुख्य ठेकेदार कंपनीनं ३५ ते ७५ लाखांपर्यंतची मदत जाहीर केली होती. ते योग्यच झालं. पण तिथं देशभरचे कॅमेरे होते. एकट्या माणसाच्या पायावर पाइप पडतो तेव्हा कॅमेरा नसतो. तेव्हा फक्त कागद असतो.

आमच्याकडचा कागदही धड नव्हता. नेमणूक एका नावाची, समुद्रात जाण्याचा पास दुसऱ्या नावाचा, बँकेत पैसे तिसऱ्याकडून. फोन केला की प्रत्येक जण सांगे, "वो आदमी हमारा नहीं." मी दीड महिना फोनच करत बसलो. शेवटी आमचे एक वकील मित्र, माझ्या कविता सहन करणारे, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, काम ज्या मूळ मालकाचं, त्याच्यावरही भरपाईची जबाबदारी येते. त्यानं ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी, कामगारानं ठेकेदार शोधत हिंडायची गरज नाही. दुसरी, दावा करायला मुंबईलाच जावं लागत नाही, माणूस जिथं राहतो तिथल्या आयुक्तांकडेही करता येतो. ठेकेदाराची सगळी भिस्त या दुसऱ्या गोष्टीवर होती. अकोल्याची बाई मुंबईच्या फेऱ्या किती मारणार?

अकोल्याहून नोटीस गेली आणि फोनवरचा आवाज बदलला. दवाखान्याची सगळी बिलं मिळाली. कामावर नसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला वेतनाचे पंचवीस टक्के, हा कायद्याचा हिशेब. नऊ पंधरवड्यांचे साडेबावीस हजार मिळाले, १० हजार वेतन धरून. १५ हजार धरले असते तर पावणेचौतीस झाले असते. वकील म्हणाले, भांडू. आपा म्हणाल्या, "बस भाईजान, लडका चलने लगा." मी काही बोललो नाही. सही करा म्हणणारा मीच होतो.

त्या दिवसांत मला अब्बांची फार आठवण यायची. सत्तरच्या दशकात ते विहिरी खणणाऱ्या टोळीबरोबर क्रेनवर असत. अकोट, दर्यापूर, तेल्हारा, गावोगाव. विहिरीचा दर परसावर ठरे. जितकी खोल तितका परसाला भाव जास्त. आणि सुरुंगाची वात पेटवून सगळ्यात शेवटी वर येणाऱ्या माणसाला वेगळे पैसे. ते किती, हे टोळीला ठाऊक, शेतकऱ्याला ठाऊक, गावातल्या पोरासोरांना ठाऊक. लेखी काहीच नव्हतं. पण लपवलेलंही काही नव्हतं. त्या काळी सगळं छान होतं, असं म्हणण्यासाठी हे सांगत नाही. अब्बांच्या टोळीतला एक माणूस न उडालेल्या सुरुंगावर पहार बसून गेला आणि त्याच्या बायकोला गावानं वर्गणी काढून दिली, बस्स. तेव्हा कायदा होता, पण विहिरीपर्यंत आलेला नव्हता. आता तो समुद्रातल्या विहिरीपर्यंत पोचला आहे, आणि त्याच्या वाटेत एक ‘ट्रॅव्हलिंग’ शब्द आडवा टाकून ठेवलेला आहे.

तर पुढचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. या संहितांबद्दल कामगार संघटनांच्या बऱ्याच तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या काही मला पटतात. तो आजचा विषय नाही. पण दोन गोष्टी ऐकणाऱ्या प्रत्येक आईबापानं ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. आणि वेतनाची व्याख्या बदलली आहे. प्रवास, घरभाडं, असे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरायची. आमच्या मुलाच्या कागदाला हे लावून पाहिलं. २६ हजारांचे निम्मे १३ हजार. भत्ते १६ हजार. वरचे ३ हजार वेतनात. म्हणजे १० चे १३ हजार झाले. २६ नाही झाले, पण १३ झाले.

हे मी आता जिनिंगच्या पोरांनाही सांगतो. आमच्या मालकांना ते फारसं आवडत नाही.

गेल्या महिन्यात आपा परत आल्या. पाय बरा झालाय, थंडीत थोडा दुखतो. मुलगा पुन्हा समुद्रात निघाला होता, दुसऱ्या ठेकेदाराकडे, ३१ हजारांवर. मला राग आला. म्हटलं, एवढं झाल्यावर? तो मुलगा शांतपणे म्हणाला, "चाचा, यहाँ ग्यारह मिलते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या बहिणीचं लग्न आहे, घरावर कर्ज आहे, आणि समुद्रातलं काम त्याला येतं, आवडतंही. रात्री ज्योतीच्या उजेडात सगळा समुद्र केशरी दिसतो, असं तो सांगतो. वायू जाळतात ती ज्योत. मी वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि त्याआधी समुद्रावर नऊ कविता लिहून बसलो होतो. एकीतही हा केशरी रंग नव्हता.

आपांनी कागद पुढं केला आणि म्हणाल्या, "भाईजान, इस बार नीचे का आकडा मत देखो."

मी वरून वाचायला सुरुवात केली. मालकाचं नाव. कामाची जागा. किती दिवस समुद्रात, किती दिवस घरी. यात चक्क लिहिलेलं होतं, अट्ठावीस आणि अट्ठावीस. विमा, आणि पॉलिसीचा नंबर. मूळ पगार १४ हजार. आणि खाली, पुन्हा तोच शब्द. ‘ट्रॅव्हलिंग’. मी मुलाला म्हटलं, फोन कर आणि विचार, हा भत्ता प्रवासाचा कसा? बोट त्यांची, हेलिकॉप्टर त्यांचं. त्यानं माझ्यासमोर फोन केला. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मुलगा नुसतं "जी, जी" करत होता. फोन ठेवून म्हणाला, ऑफिसमध्ये आल्यावर बघू म्हणतात. आणि बाहेर पंधरा पोरं सह्या करायला उभी आहेत, हेही म्हणाले.

कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक आपांच्या पेटीत, एक माझ्या जिनिंगच्या ड्रॉवरमध्ये. तिसरी त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत नाही, बनियनच्या आत ठेवली. शनिवारी रात्री त्याला गाडीत बसवून दिलं.

सोमवारी न्हावा बंदरावरून त्याचा फोन आला. बोट सुटायची होती, मागून कुणी तरी नावं पुकारत होतं. "चाचा, वो लफ्ज नहीं बदला," म्हणाला. "लेकिन पास पर नाम वही है जो कागज पर है. मैंने मिलाकर देखा."